लाकडी मासा आणि नदीचे पाणी

(पिंपरी पेंढार, ता. जुन्नर येथील प्राथमिक शिक्षकांच्या सभेसाठी तयार केलेले व्याख्यान)



प्राथमिक शाळेच्या वार्षिक प्रदर्शनात पाण्याचा देखावा नाही, असे सहसा घडत नाही. टेबलावर निळा कागद पसरलेला असतो, त्यावर कापसाच्या लाटा असतात आणि नारिंगी रंगाचा एक मासा दोऱ्याने टांगलेला असतो. पाहुणे कौतुक करतात, मुलांना आनंद होतो आणि दुसऱ्या दिवशी तो देखावा अडगळीत जातो. या देखाव्यात एकच उणीव असते. पण ती लहान नव्हे. असे पाणी जुन्नर तालुक्यात कोठेही नाही आणि असा मासाही कोठे नाही. मुलाने जे कधी पाहिले नाही ते त्याच्याकडून करवून घेतले जाते आणि जे ते रोज पाहते त्याला प्रदर्शनात जागा मिळत नाही. लाकडाचा मासा कोरून त्याच्याभोवती खऱ्यासारखे पाणी उभे करणे हा हस्तव्यवसाय ही उणीव भरून काढू शकतो. मात्र तो नेमका कसा करावा, हे शिक्षकाला ठाऊक असले पाहिजे.

पिंपरी पेंढार हे गाव ओतूर आणि आळेफाटा यांच्या दरम्यान वसले आहे. ज्या तालुक्यात ते आहे, त्या तालुक्याला पाण्याची ओळख करून देण्याची गरज नाही, असे कोणासही वाटेल. कुकडी प्रकल्पाची पाच धरणे जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांतच आहेत. माणिकडोह आणि येडगाव ही कुकडी नदीवर, वडज मीना नदीवर, डिंभे घोड नदीवर आणि पिंपळगाव जोगे आर नदीवर. कालव्याच्या पाण्यावर कांदा, ऊस आणि भाजीपाला पिकतो. तरीही सातवीच्या वर्गात ‘तुमच्या नदीतील पाच माशांची नावे सांगा’ असे विचारले, तर काय उत्तर येईल, हे प्रत्येक शिक्षकाने एकदा पडताळून पाहावे. कटला, रोहू, चिलापी ही नावे बहुधा प्रथम येतील. यांपैकी कटला आणि रोहू हे मूळचे उत्तरेकडील गंगेच्या खोऱ्यातील मासे असून मत्स्यबीज सोडल्यामुळे ते येथील जलाशयांत आले. चिलापी तर आफ्रिकेतील. भारतात ती १९५२ साली आणली गेली. म्हणजे मुलाला पाहुणे ठाऊक आहेत. घरची माणसे मात्र ठाऊक नाहीत.

घरची माणसे कोण, याची नोंद मात्र फार पूर्वी झालेली आहे. मुंबई सरकारने १८२४ मध्ये दख्खनची माहिती गोळा करण्यासाठी विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याची नेमणूक केली. पुढे १८३८–३९ च्या सुमारास त्याने दख्खनच्या माशांविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. अनेक माशांना शास्त्रीय नावे देताना त्याने नवी लॅटिन नावे बनविली नाहीत. नदीकाठच्या लोकांच्या तोंडी जी मराठी नावे होती तीच त्याने रोमन लिपीत उतरवून घेतली. त्यामुळे आजही जगभरचे शास्त्रज्ञ दख्खनच्या महसीर माशाला ‘टोर खुद्री’ म्हणतात, शिंगाळ्याला ‘स्पेराटा सीनघाला’ म्हणतात आणि घोगऱ्याला ‘रीटा गोगरा’ म्हणतात. ‘मुसुल्लाह’ हे नाव ज्या माशाला मिळाले, तो त्याला शिरूरजवळ घोड नदीत आढळला होता. जुन्नरची कुकडी पुढे जाऊन याच घोड नदीला मिळते. ज्या कोळ्यांनी ती नावे सांगितली त्यांची स्वतःची नावे निबंधात उरली नाहीत. परंतु त्यांचे शब्द शास्त्रात कायमचे राहिले. आज त्याच नदीकाठच्या मुलाला ते शब्द ठाऊक नसावेत, ही गोष्ट शिक्षकाने सहज सोडून देण्यासारखी नाही.

हाताने वस्तू करता करता ज्ञान मिळवावे, हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. १९३७ साली वर्धा येथे महात्मा गांधींनी मूलोद्योगाच्या द्वारे शिक्षणाची योजना मांडली. त्या योजनेचे भवितव्य पुढे काय झाले हा वेगळा विषय आहे. परंतु तिचे मूळ सूत्र अबाधित आहे. ज्या वस्तूसाठी मोजावे लागते, निवडावे लागते आणि चुकले तर पुन्हा करावे लागते, ती वस्तू मुलाला शिकविते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे काम शिकावे, अशी शिफारस आहे. लाकडी माशाचा उपक्रम त्या दहा दिवसांत चांगला बसतो. गावचा सुतार आणि नदीकाठचा मासेमार हे दोघेही त्यात गुरुजींचे सहकारी होऊ शकतात.

लाकडातून निसर्गाची हुबेहूब प्रतिकृती घडविण्याची परंपराही महाराष्ट्रात आहे. सावंतवाडीच्या चितार आळीतील लाकडी फळे सर्वांच्या परिचयाची आहेत. तेथील आंबा दुरून पाहणाऱ्याला खरा वाटतो, याचे कारण केवळ रंग चांगला आहे हे नव्हे. देठाजवळची पोपटी छटा कोठे संपते आणि पिवळी कोठे सुरू होते, हे चिताऱ्याने खऱ्या आंब्यावर पाहिलेले असते. लाकडी माशाचेही तसेच आहे. हात सुबक असण्याआधी डोळा प्रामाणिक असावा लागतो.

म्हणून कामाचा आरंभ पटाशीने न होता पाहण्याने झाला पाहिजे. मुलांनी एक मासा निवडावा. एकापेक्षा अधिक नको. बाजारातून ताजा मासा आणून तो कागदावर आडवा ठेवावा आणि त्याची बाह्यरेषा पेन्सिलीने काढावी. नंतर मापे घ्यावीत: तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत लांबी, पाठीपासून पोटापर्यंत उंची, डोक्याची लांबी, डोळ्याचा व्यास. समजा, माशाची लांबी २४ सेंटिमीटर आणि डोके ६ सेंटिमीटर भरले, तर डोके लांबीच्या एक-चतुर्थांश आहे हे मुलांच्या ध्यानात येते. गुणोत्तराचा पाठ येथे आपोआप होतो. परांची संख्या, मिशांच्या जोड्या, अंगाच्या मधून जाणारी पार्श्वरेषा आणि तिच्यावरील खवले मोजावेत. दख्खनच्या महसिराचे खवले मोठे असल्यामुळे पार्श्वरेषेवर ते सुमारे २५ ते २७ भरतात. मूल ते सहज मोजू शकते. मोजून झाल्यावर हात साबणाने धुवावेत.

येथे एक नाजूक गोष्ट सांगितली पाहिजे. ओतूर हे तुकाराम महाराजांचे गुरू बाबाजी चैतन्य यांच्या समाधीचे गाव. या परिसरात माळकरी घरे पुष्कळ आहेत. अशा घरातील मुलाला मेलेला मासा हाताळण्याची सक्ती करू नये. त्याने काचेच्या बरणीत पोहणारा लहानसा मासा पाहावा, किंवा मोठ्या माणसाबरोबर काठावर बसून पाण्यातील मासे पाहावेत. मासा म्हणजे केवळ खाण्याची वस्तू नव्हे, हेही त्याच पाठात सांगता येते. महाड तालुक्यात काळ नदीवर वाळण कोंड म्हणून देवस्थानाचा डोह आहे. तेथील मासे कोणी पकडत नाहीत आणि महसिराचे मोठे थवे तेथे निर्भय वावरतात. एकाच वर्गात मासा विकणाऱ्याचे मूल आणि माळकऱ्याचे मूल शेजारी बसून एकाच माशाचे चित्र काढीत असतील, तर त्या चित्राचे शैक्षणिक मोल दुप्पट समजावे.

आता लाकडाविषयी. मुलांच्या हाताला मऊ लाकूड हवे. पांगारा हलका आणि कापण्यास सोपा असतो; मात्र त्याचा पोत भरड असल्याने अस्तराचे दोन-तीन हात द्यावे लागतात. शिवणीचे लाकूड सर्वांत उत्तम; ते मऊ असूनही सफाईदार कापले जाते आणि वाळल्यावर फारसे वाकत नाही. आंब्याचे लाकूड सहज मिळते, पण त्यास कीड लवकर लागते. सागवान टिकाऊ खरे, तथापि लहान मुलांच्या मनगटाला ते जड जाते. बाभळीच्या वाटेस जाऊच नये. लाकूड विकत घेण्याचे कारण नाही. सुताराकडे २५ सेंटिमीटर लांब, ८ सेंटिमीटर रुंद आणि ५ सेंटिमीटर जाड असे तुकडे उरलेले असतात. झाड तोडून तर मुळीच आणू नये. तोडलेले ओले लाकूड वाळताना तडकते आणि आठ दिवसांची मेहनत एका रात्रीत फुकट जाते. तुकडा निवडताना लाकडाचे तंतू माशाच्या लांबीच्या दिशेने जात आहेत ना, हे पाहावे. ते आडवे असले तर शेपटीजवळचा बारीक भाग हमखास मोडतो.

कोरण्याची रीत अशी. कागदावरील बाह्यरेषेवरून पुठ्ठ्याचे दोन साचे कापावेत: एक बाजूने दिसणाऱ्या आकाराचा, दुसरा वरून दिसणाऱ्या आकाराचा. ठोकळ्याच्या बाजूवर पहिला आणि वरच्या अंगावर दुसरा साचा ठेवून रेषा काढाव्यात. प्रथम बाजूची रेषा करवतीने कापावी. कापून निघालेले तुकडे टाकून न देता चिकटपट्टीने पुन्हा जागच्या जागी बसवावेत. त्यामुळे ठोकळा पूर्ववत चौकोनी होतो, करवतीखाली हलत नाही, आणि वरच्या अंगावरील रेषाही शाबूत राहते. मग ती दुसरी रेषा कापावी. पट्टी सोडताच ओबडधोबड मासा हाती येतो आणि मुलांच्या तोंडावर जे आश्चर्य उमटते त्यासाठी शिक्षकाने निराळे बक्षीस ठेवण्याची गरज उरत नाही. करवतीचे हे काम सुताराने किंवा शिक्षकाने करावे. कडा गोल करण्याचे काम पाचवीच्या पुढील मुलांनी पटाशी व कानस यांनी करावे. लाकूड शिकंज्यात घट्ट धरलेले असावे, दोन्ही हात पात्याच्या मागे असावेत आणि पाते नेहमी अंगापासून दूर जावे. पोटाच्या सर्वांत फुगीर भागापासून शेपटीकडे आणि त्याच भागापासून डोक्याकडे कापीत जावे. उलट दिशेने कापल्यास लाकडाची साल निघते. शेवटी काचकागद फिरवावा: आधी ८० नंबरचा, मग १५० चा, मग २२० चा.

पर त्याच ठोकळ्यातून काढण्याचा हट्ट धरू नये. बांबूची पातळ कामटी कापून, तिच्यावर परातील काट्यांच्या रेषा कोरून, खाचेत चिकटविली म्हणजे काम भागते. डोळ्यासाठी गिरमिटाने उथळ भोक पाडून काचेचा मणी बसवावा. माशाला पापण्या नसतात, हे मुलांना तेथेच दाखवावे.

खवल्यांसाठी जुन्नरच्या शिक्षकाला बाहेर कोठे जावे लागणार नाही. कांद्याच्या गोणीची जाळी वाळलेल्या रंगावर ताणून बसवावी आणि स्पंजाच्या तुकड्याने किंचित गडद रंग टिपून घ्यावा. जाळी उचलताच खवल्यांची रांग उमटलेली दिसते. महसिरासाठी मोठ्या घरांची जाळी घ्यावी, बारीक खवल्यांच्या माशासाठी लहान घरांची. शिंगाळा, घोगरा यांच्या अंगावर खवले नसतातच. त्यांना जाळी लावणे म्हणजे असत्य लिहिणे होय. जाळी लावण्यापूर्वी, रंगाच्या पहिल्या हातातच पाठ गडद आणि पोट फिकट ठेवावे आणि मुलांना कारण विचारावे. वरून पाहणाऱ्या पक्ष्याला माशाची गडद पाठ नदीच्या गडद तळात मिसळलेली दिसते. खालून पाहणाऱ्या शत्रूला फिकट पोट उजेडाच्या आकाशात मिसळलेले दिसते. निसर्गाने हा रंग शोभेसाठी दिलेला नाही, हे समजल्यावर मूल मनाला येईल तो रंग वापरीत नाही.

यानंतर पाणी. या उपक्रमातील अत्यंत अवघड आणि अत्यंत बोधप्रद भाग हाच. पाणी निळे असते हा समज चित्रांनी रुजविला आहे. नदीचा निळेपणा पुष्कळसा आकाशाच्या प्रतिबिंबाचा असतो. काठावर उभे राहून खाली पाहिले तर निळा रंग दिसत नाही, तळ दिसतो. म्हणून खऱ्यासारखे पाणी करावयाचे असेल तर पाणी रंगवू नये. पाण्याखालचा तळ रंगवावा. कुकडीचा तळ काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे. याच नदीने पुढे निघोजजवळ खडकात जे रांजणखळगे कोरले आहेत ते पाहण्यास दूरदूरचे लोक येतात. कागदाचा लगदा आणि डिंक यांनी खडकाचे चढउतार उभे करावेत, खळगे बोटाने दाबून करावेत, त्यात नदीची धुतलेली वाळू आणि गोल गोटे बसवावेत. काठाजवळचा तळ फिकट तपकिरी, आत जाता जाता हिरवट आणि डोहाच्या मध्यभागी जवळजवळ काळा, असा रंग ओला असतानाच एकमेकांत मिसळत न्यावा. खोलीचा भास या रंगक्रमानेच होतो.

ऋतूही ठरविला पाहिजे. श्रावणातील नदी तांबूस गढूळ असते. तीत मासा दाखविताच येत नाही. मार्गशीर्ष-पौषातील नदी नितळ असते. चैत्र-वैशाखात उरलेल्या डोहावर शेवाळ चढते. देखाव्याखाली महिना लिहिला नाही तर पाण्याला अर्थ राहत नाही. मुलांनी नितळ नदीचा महिना निवडावा. परंतु गढूळ नदीविषयीही एक परिच्छेद लिहावा.

पाण्याचा पृष्ठभाग करण्याच्या तीन रीती आहेत. पहिली सर्वांत सोपी आणि शाळेला सर्वांत योग्य: उथळ लाकडी पेटीत तळ तयार करून वर काच बसवावी. काचेच्या वरच्या अंगास पारदर्शक व्हार्निशचे बारीक फटकारे द्यावेत. ते वाळल्यावर तरंग दिसू लागतात. काचेच्या कडा घासून त्यांवर पट्टी लावलेली असावी. मासा काचेखाली बारीक तारेवर उभा करावा आणि तार गोट्याआड लपवावी. दुसरी रीत दोन-तीन मिलिमीटर खोलीच्या ओढ्यासाठी: रंगविलेल्या तळावर लाकूडकामाचा पांढरा चिकटा पातळ थराने पसरावा, तो पूर्ण वाळून पारदर्शक झाला म्हणजे दुसरा थर द्यावा. घाई करून जाड थर दिला तर तो आत दुधासारखा पांढरा राहतो. तिसरी रीत इपॉक्सी रेझिनची. तिने पाणी अतिशय खरे दिसते. परंतु ते द्रव्य घट्ट होताना तापते, त्याचा वास आणि स्पर्श मुलांना अपायकारक ठरू शकतो, आणि लाकूड आधी चपड्याच्या पॉलिशने बंद केले नसेल तर लाकडातील हवेचे बुडबुडे त्यात अडकून राहतात. हे काम करावयाचेच असल्यास मोठ्या माणसाने, हातमोजे घालून, उघड्या हवेत, मुले घरी गेल्यावर करावे. न केल्यास काहीही बिघडत नाही.

पेटीची खोली ठरविताना विज्ञानाचा एक सुंदर पाठ होतो. वाटीच्या तळाशी एक नाणे ठेवावे आणि वाटीच्या काठामुळे ते दिसेनासे होईल इतके मुलाला मागे सरकवावे. मग वाटीत हळूहळू पाणी ओतावे. मूल जागचे हलले नाही तरी नाणे पुन्हा दिसू लागते. पाण्यातून हवेत येताना प्रकाश वळतो, म्हणून तळ वर आल्यासारखा वाटतो. सरळ वरून पाहिल्यास खरी खोली सुमारे तीन-चतुर्थांश भासते. पेटीत काचेखाली पाणी नसून हवाच असते. म्हणून १२ सेंटिमीटर खोल पाण्याचा आभास हवा असेल तर तळ काचेपासून ९ सेंटिमीटरवर ठेवावा. नदीत उतरणाऱ्या मुलाला हा पाठ जीवदान देणारा आहे: डोह दिसतो त्याहून खोल असतो.

मासे बसविताना प्रवाहाचे भान ठेवावे. वाहत्या पाण्यात मासा बहुधा प्रवाहाकडे तोंड करून स्थिर राहतो; म्हणून एका देखाव्यातील माशांची तोंडे चारी दिशांना नसावीत. कोणाची जागा कोठे, हे त्यांच्या शरीरावरच लिहिलेले असते. कटल्याचे तोंड वरच्या बाजूस वळलेले आहे, तो वरच्या थरात खातो. मृगळाचे तोंड खाली आहे, तो तळाशी खातो. वाम लांबट आणि निमुळत्या तोंडाची, ती गोट्यांच्या फटीत. मरळ हवेतूनही श्वास घेतो, म्हणून तो संथ पाण्यात, पाणवनस्पतींच्या आधाराने, पृष्ठभागाजवळ. महसीर वाहत्या, खडकाळ पाण्याच्या डोहात. धरणातील मासे आणि वाहत्या नदीतील मासे एकाच पेटीत कोंबू नयेत. दोन पेट्या शेजारी ठेवाव्यात: एक नदीची, एक जलाशयाची. पावसाळ्यात महसीर विणीसाठी प्रवाहाच्या वरच्या अंगास जातो आणि मध्ये बांध आला तर त्याची वाट अडते. धरणाने शेताला पाणी दिले हे खरे आणि काही माशांची वाट अडविली हेही खरे. मुलांनी दोन्ही पेट्या पाहाव्यात आणि दोन्ही सत्ये एकत्र बाळगण्यास शिकावे. अशी हानी भरून काढण्याचे प्रयत्नही होतात, हे सांगण्यास विसरू नये. लोणावळ्यास वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून महसिराची पैदास केली जात आहे.

हे सर्व मुलांना कोण सांगणार? पुस्तकात वामीची फट दाखविलेली नसते. परंतु अनेक शाळांत ठाकर, महादेव कोळी वा कातकरी घरातील एखादे मूल मागच्या ओळीत असते. ते बहुधा गप्प असते, त्याची हजेरी तुटक असते आणि वाचनात ते मागे पडलेले असते. त्याच मुलाला वाम कोणत्या दगडाखाली असते, शिंगाळ्याचा काटा कसा लागतो, मरळ आपल्या पिलांजवळ कसा पहारा देतो हे पाठ असते. लाकडी माशाच्या तासाला शिक्षकाने प्रश्न त्याला विचारावा. त्या मुलाचे उत्तर फळ्यावर लिहिले गेले की वर्गातील त्याची जागा बदलते. आंबेगाव तालुक्यात डिंभे धरणाने विस्थापित झालेल्या आदिवासींनी ‘शाश्वत’ या संस्थेच्या साहाय्याने त्याच जलाशयात सहकारी मासेमारी उभी केली. २०१२ साली त्या संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक मिळाले. ज्यांचे ज्ञान जगाने मानले, त्यांच्या मुलांचे ज्ञान शाळेने मानू नये, हे कसे चालेल?

सावधगिरीचे दोन शब्द. नदी, कालवा वा जलाशय पाहण्यास मुलांना एकटे पाठवू नये. कालव्याचे काठ निसरडे असतात आणि प्रवाह फसवा असतो. या भागात उसाच्या फडांत बिबट्याचा वावर आहे, हे कोणाला सांगावयास नको. म्हणून सहल भर दिवसा, पुरेशी मोठी माणसे बरोबर घेऊन, सूर्य डोक्यावर असताना काढावी. पहाटे वा तिन्हीसांजेस काढू नये. पहिली ते चौथीच्या मुलांच्या हाती पटाशी देऊ नये; त्यांनी गोटे वेचावेत, तळ रंगवावा, जाळीने खवले उमटवावेत.

देखावा पूर्ण झाला म्हणजे प्रत्येक माशापुढे एक चिठ्ठी असावी. तीवर पाच ओळी पुरेत: गावातील नाव, शास्त्रीय नाव, कोणत्या पाण्यात राहतो, येथला की बाहेरून आणलेला, आणि ही माहिती कोणी सांगितली. पाचवी ओळ गाळू नये. साइक्सच्या निबंधात जी ओळ राहून गेली, ती शाळेच्या चिठ्ठीवर असली पाहिजे. तेथे एखाद्या मुलाच्या आजोबांचे नाव त्यांच्या संमतीने लिहिले गेले, तर प्रदर्शनाच्या दिवशी ते आजोबा शाळेत येतील. शाळेच्या पायरीवर त्यांनी कदाचित प्रथमच पाय ठेवलेला असेल.

आणि शेवटी एक जागा मोकळी ठेवावी. मुलांनी वडीलधाऱ्यांना विचारावे, ‘तुमच्या लहानपणी नदीत कोणता मासा होता, जो आता दिसत नाही?’ जे नाव मिळेल तो मासा मुलांना मोजण्यास मिळणार नाही. अंदाजाने तो कोरू नये. कारण मापाशिवाय कोरलेला मासा हा पुन्हा निळ्या कागदावरचा नारिंगी मासाच होईल. त्याच्या जागी तळ तयार असावा, पाणी असावे, गोटे असावेत, नावाची चिठ्ठी असावी, आणि मासा नसावा. पाहुणा थांबेल आणि विचारील, ‘येथे काय राहिले?’ त्या प्रश्नाचे उत्तर शिक्षकाने देऊ नये. ते त्या पेटीपाशी उभ्या असलेल्या मुलाने द्यावे.